जर्मनचा कठडा

गेल्या महिन्यात सुनेनं माझा जर्मनचा गंज भांडी धुण्याच्या मशीनमध्ये लावला. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि अॅल्युमिनियमला जर्मन. का म्हणतात ते मला विचारू नका. मशीनमधून तो बाहेर आला तो काळाठिक्कर. मी जी सुटले ती अर्धा तास थांबले नाही. "सोडा असतो त्या पावडरीत, सोडा! जर्मनला सोडा लावायचा नसतो, एवढं तुम्हाला कोणी शिकवलं नाही का?" मुलगा म्हणाला, "आई, एक पातेलं तर आहे. दुसरं आणू." त्याचं बरोबरच आहे. पण माझा राग त्या पातेल्यावरचा नव्हता, आणि सुनेवरचा तर मुळीच नव्हता. तो फार जुना राग आहे, आणि ज्यांच्यावर तो होता त्यांच्यातलं आता कोणी उरलेलं नाही. सुनेची दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पण राग काही गेला नाही. म्हणून लिहून टाकते.

आर्वीहून एसटीनं तासभर आत गेलं की आमचं धरण लागायचं. भिंतीच्या टोकाशी खात्याच्या बारा खोल्या होत्या, त्यांना सगळे कॉलनी म्हणत. आमची खोली शेवटची. वर पत्रा, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारभर डोक्यावर कडकड वाजत राहायचं आणि संध्याकाळी पत्रा निवायला लागला की पुन्हा उलट्या क्रमानं वाजायचं. धरणाचं दार सोडलं की खालच्या कालव्यातून पाण्याचा जो घोष उठायचा त्यात आईची हाक मला ऐकू यायची नाही, आणि ऐकू आली तरी मी ऐकू आली नाही असं सांगायची. घरात सकाळी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी, रात्री फोडणीचं वरण आणि भात. धरणावर राहून आमच्या घरी मासे मात्र क्वचित. आई वडनेरची, तिला माशांचा वास सोसायचा नाही आणि पाण्याची भीती वाटायची. अकरा वर्षं धरणाच्या काठावर काढली, पण पाण्याकडे नेणाऱ्या पायरीच्या खाली ती उतरली नव्हती. धुणंसुद्धा नळावर. "एवढं पानी पाह्यलं का मले गरगरते," म्हणायची, आणि पाठ करून बसायची.

बाबा अल्लीपूरच्या कास्तकाराचे धाकटे पोरगे. घरी भाऊ चार आणि जमीन बेताची, म्हणून धरणाचं काम निघालं तेव्हा मजुरीला आले. विहिरीत पोहायला शिकलेला हा माणूस पाण्याला भीत नाही, हे कोणत्या तरी साहेबानं पाहिलं आणि त्यांना लाँचवर घेतलं. ही लाँच मुंबईच्या कुठल्याशा गोदीतून जुनी म्हणून आली होती. लाकडी, पांढरी, बारा माणसं बसतील एवढी. आमच्या बाजूला असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. तिचा कठडा, खिडक्यांच्या चौकटी, चढायच्या दोन पायऱ्या, दोर गुंडाळायचे खुंटे, सगळं जर्मनचं, आणि एके काळी ते आरशासारखं चकचकीत होतं म्हणे. म्हणे म्हणते, कारण मी पाहिलं तेव्हा त्यावर पांढरट बुरा आला होता, हात लावला की हाताला राखाडी लागायचं आणि जागोजागी बारीक खड्डे पडले होते. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना इंजिनाचा आवाज बरा आला की झालं. सकाळी आवाज फटफट असा एकसारखा आला की ते खूश, मध्ये एखादा अडखळला की त्या दिवशी घरात कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

अकरा वर्षं बाबा हजेरीवर होते. म्हणजे खात्याचे, पण खात्याचे नाही. दर वर्षी काही दिवस त्यांना कामावरून कमी करायचे, मग पुन्हा घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी झाली असं कागदावर येत नसे. त्या दिवसांत बाबा रोज सकाळी आंघोळ करून, खाकी सदरा घालून दारात बसायचे. कोणाचा निरोप येईल म्हणून. मला ते बघवायचं नाही. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. एक दिवस ओव्हरसियर साहेब खोलीवर आले. धरणाची देखरेख त्यांच्याकडे होती. माणूस वाईट नव्हता, पण जगातलं सगळं आपल्याला येतं अशी त्यांची समजूत होती. म्हणाले, "तीन-चार आठवड्यांत नागपूरचे मोठे साहेब येणार आहेत. लाँचमधून धरण बघणार. लाँच अशी दिसली पाहिजे की साहेबांनी विचारलं पाहिजे, ठेवतो कोण हिला? त्यांनी विचारलं की मी तुझा कायम करायचा कागद तिथेच पुढे करतो."

बाबा उभेच राहिले. आईनं चहात दोनदा साखर घातली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा कठडा घासायला लागले. कशानं? तर काचपेपरनं. सुताराकडचा, जाडा, ज्यानं दार घासतात तो. मी दुपारी त्यांचा डबा घेऊन गेले तर कठड्यावर मांजरानं ओरबाडल्यासारखे ओरखडे. मी म्हटलं, "बाबा, असं नाई घासत जर्मन. रॉकेल घ्या, खडूची भुकटी घ्या, मऊ फडकं घ्या. आम्ही गंज घासतो न, तसं."

"सुमे, गंज घासनं अन् लाँच घासनं एकच हाय काय? ह्याच्यात इंजिन हाय."

"इंजिन नाई घासाचं न, बाबा. कठडा घासाचा हाय."

"तू जाय घरी."

मी गेले नाही. शाळेतल्या मास्तरणीकडून खडूचे तुकडे मागून आणले, पाट्यावर वाटले, रॉकेलात कालवले आणि मागच्या कोपऱ्यातला हातभर कठडा बाबा जेवत होते तेवढ्या वेळात घासून दाखवला. जुन्या बनियननं पुसला तर त्यात माझं तोंड दिसलं. वाकडं, पण दिसलं. बाबांनी जेवता जेवता पाहिलं. हात धुतले, काचपेपर पाण्यात फेकला आणि म्हणाले, "खडू पुरन काय?" एवढाच होकार. बारा दिवस आम्ही बापलेक घासत होतो. बाबांनी काढलेले ओरखडे निघता निघता माझ्या बोटांची कातडी गेली. रात्री वरणातलं मीठ-तिखट बोटांना लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. पण तेराव्या दिवशी सकाळी ऊन आलं आणि लाँच अशी लखलखली की पलीकडच्या काठावरचे गुराखी ओरडायला लागले. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या सकाळींमध्ये ती पहिल्या दोन-तीनात आहे, आणि मुलगा, नातू सगळं धरून सांगते.

इथेच थांबायला हवं होतं. पण बाबांना काळजी. साहेब यायला अजून दहा-बारा दिवस होते, पाणी उडणार, वारा लागणार, पुन्हा बुरा चढणार. काहीतरी लावून ठेवलं पाहिजे, हे त्यांचं बरोबर होतं. मी तेच म्हणत होते. काय लावायचं हे मला तेव्हा सुचत नव्हतं, आणि मला सुचण्याची वाट बघायला बाबा बसले नव्हते. संध्याकाळी ते जवसाच्या तेलाचा डबा घेऊन आले.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पावसाळ्याआधी बंडीला म्हणजे बैलगाडीला, दारांना, वखराच्या दांड्याला जवसाचं तेल चोपडतात. लाकूड ते पितं, वर कडक पापुद्रा धरतो, मग पाणी आत जात नाही. अल्लीपूरच्या घरात बाबांनी लहानपणापासून हेच केलेलं. मी म्हटलं, "बाबा, हे लाकडाचं औषध हाय. जर्मन काय तेल पिते? वरच राहीन, पिवळं पडन."

"आमच्या बुढ्यानं जिंदगीभर बंडीले हेच लावलं. ऊन म्हनू नोको, पानी म्हनू नोको, काई झालं नाई."

"बंडी लाकडाची असते, बाबा!"

"तेल ते तेलच," असं म्हणून त्यांनी सगळा कठडा, चौकटी, खुंटे, पायऱ्या, जिथं जिथं चमक होती तिथं दोन हात तेल चढवलं. दोन! एक नाही. पहिले दोन दिवस लाँच आणखीच चमकली. बाबा माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. मलाही वाटलं, चला, आपलं चुकलं. तिसऱ्या दिवशी तेल आळायला लागलं. हात लावला की चिकटायचा. वाऱ्यावर येणारी धूळ चिकटली, काठावरच्या पळसाचा कचरा चिकटला, संध्याकाळी दिव्यावर येणारे किडे चिकटले आणि तिथेच मेले. सहाव्या दिवशी कठडा गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखा पिवळा, आणि त्यावर शेकडो चिलटं. मी बघितलं आणि घरी येऊन कपाळावर हात मारून घेतला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बारा दिवस! माझी बोटं अजून भरली नव्हती.

बाबा ओव्हरसियर साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण आता मला कोणावरच भरवसा राहिला नव्हता. साहेब हसले. "एवढंच ना? गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. जवसाच्या तेलाचा बाप असला तरी निघतो. आमच्याकडे जुनी दारं सोड्यानंच धुतात."

"साहेब," मी म्हटलं, "जर्मनले सोडा नाई चालत. काळं पडते. कोन्याई बाईले विचारा."

"बाई, तू स्वैपाकघर सांभाळ. केमिस्ट्री आम्ही कॉलेजात शिकलोय."

"तुमच्या घरी गंज कोन घासते?"

बाबा माझ्यावर जे खेकसले ते कॉलनीभर ऐकू गेलं. साहेबांसमोर तोंड चालवते म्हणून मला घरी हाकललं. मी आईकडे आले, आई म्हणाली, "अवं माय, सोडा? थांबव न त्याहिले!" मी म्हटलं, "तू थांबव. माझं कोन आयकते?" आई पायरीपर्यंत धावत गेली. पायरीच्या पुढे पाणी, तिथे तिचे पाय थांबले. तिथूनच ओरडली, "सुमीचे बाबा, सोडा नोको! सोडा नोका लावू!" बाबांनी हात वर करून हलवला, जशी ती जेवायलाच बोलवत होती. बादलीतून वाफ निघत होती. दोन मजूर, बाबा आणि काठावर उभे ओव्हरसियर साहेब. चार माणसं, आणि त्या चौघांनी जन्मात एक गंज घासलेला नव्हता.

तेल निघालं. ते मात्र खरं, तेल अगदी स्वच्छ निघालं. त्याच्याखालून कठडा निघाला तो काळपट, डाग-डाग, तव्याच्या बुडासारखा. साहेब "अरेच्चा" म्हणाले आणि जीप घेऊन वर्ध्याला मीटिंगला गेले. मोठे साहेब यायला चार दिवस होते.

त्या दुपारी बाबा घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. आईनं ताट वाढलं, त्यांनी सरकवलं. आणि मी काय केलं? मी त्यांना सोडलं नाही. "म्या म्हटलं होतं. म्या म्हटलं होतं न? आईनं म्हटलं होतं. जवस नोको म्हटलं होतं, सोडा नोको म्हटलं होतं. काऊन नाई आयकलं? काऊन?" बाबा खाली बघत होते. त्यांच्या हातांना सोड्यानं भेगा पडल्या होत्या, त्या ते चोळत होते. मी त्या भेगा बघत होते आणि तरी बोलत होते. आता बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे वीस-पंचवीस वर्षं मी निघून आले आहे, आणि मला कळतं की तेव्हा त्यांना माझं ऐकू येत नव्हतं. अकरा वर्षांचे ते दारात बसलेले दिवस ऐकू येत असतील. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? शेवटी आई म्हणाली, "सुमे, सात खेपा बोलली तू. आता आठवी खेप बोलली तर लाटनं घालीन." मग तिनं कोपऱ्यातून चिंचेचं मडकं काढलं. वर्षाची चिंच, मीठ लावून गोळे करून ठेवलेली. पदर खोचला, मडकं कमरेवर घेतलं आणि चालायला लागली.

मी मागे धावले. ती पायरीवर आली. थांबली. डोळे मिटले, उघडले आणि मला म्हणाली, "हात धर वं माहा." फळीवरून लाँचवर चढेपर्यंत तिनं माझं मनगट असं आवळलं होतं की दोन दिवस वळ होता. चढली आणि तिथेच फतकल मारून बसली. पाण्याकडे पाहिलं नाही, कठड्याकडे पाहिलं. बोट फिरवलं, वास घेतला. म्हणाली, "गंजच तं हाय. आडवा हाय म्हनून काय झालं?"

गंज काळा पडला की त्यात चिंचेचं पाणी उकळायचं, एवढं सोपं असतं. कठडा उकळायला घालता येत नाही, हीच अडचण. मग काठावर तीन दगडांची चूल मांडली, चिंच उकळली, त्यात गोणपाटाच्या पट्ट्या भिजवल्या आणि गरम गरम कठड्याला गुंडाळल्या. गार झाल्या की काढायच्या, पुन्हा दुसऱ्या. कॉलनीतल्या बायका आधी बघायला आल्या, मग बसल्या, मग त्यांनी आपापल्या घरची चिंच आणली. बाबांना आईनं पाणी आणि सरपण आणायला लावलं. "इथं उभं नोका राहू, सावली पडते," म्हणाली. अकरा वर्षांत त्या लाँचवर बाबांना कोणी हे म्हटलं नव्हतं. ते निमूट गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी काळं निघालं, पण खाली सगळं मंद, मेलेलं. मग पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल, पुन्हा बनियन. या खेपेला आठ बायकांचे हात होते, तरी मी चिडचिड करत होते. ही इकडे जास्त घासते, ती तिकडे कमी घासते. एक-दोघी रुसून गेल्या आणि चहा पिऊन परत आल्या.

राहता राहिलं वरून लावायचं. ते मला तिसऱ्या सकाळी सुचलं, आईला कुंकू लावताना बघून. तेव्हा बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कोरडं कुंकू. उन्हात राबा, घाम येवो, चुलीसमोर बसा, मेण जागचं हलायचं नाही, चिकट व्हायचं नाही, पिवळं पडायचं नाही. मी आईची मेणाची डबी उचलली. एवढीशी. मग बाकीची अकरा घरं फिरले आणि बारा डब्या गोळा केल्या. रंगवाल्याकडून आणलेलं थोडं टर्पेंटाइन खात्याच्या कोठारात पडून होतं, त्यात मेण पातळ केलं, फडक्याच्या टोकानं अगदी नखभर लावलं आणि सुकल्यावर हात दुखेस्तोवर पुसलं. पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा गोल होऊन घरंगळला. बाबा बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसरा थेंब त्यांनी स्वतः टाकून बघितला. तोही घरंगळला. दोन दिवस कॉलनीतल्या बायकांनी खोबरेल तेलावर कुंकू लावलं आणि ते नाकावर ओघळलं की मला शिव्या दिल्या.

मोठे साहेब आले ते सकाळी. पांढरा सदरा, काळा चष्मा, मागे चार जण. आम्ही बायका पायरीच्या वर, झाडाखाली. बाबांचा खाकी सदरा आईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. साहेब लाँचवर चढायला वाकले आणि तसेच थांबले. कठड्यावरून हात फिरवला. चष्मा काढला. मग म्हणाले, "अरे वा! ये तो नई जैसी है. ठेवतो कोण हिला?"

अगदी तोच प्रश्न! ओव्हरसियर साहेबांनी कागद काढायला खिशात हात घातला. बाबांनी एवढंच म्हणायचं होतं, "मी, साहेब." दोन शब्द. बाबा हात जोडून म्हणाले, "चालवतो मी, साहेब. पन हे चमकवलं माह्या पोरीनं. अन् तिच्या मायनं. म्या तं खराब केलतं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरात चार दिवस एक शब्द बोलले नाहीत, आणि आता, इथे, साहेबासमोर! ओव्हरसियर साहेब जमिनीकडे बघायला लागले, कारण खराब करण्यात त्यांचाही हात होता. पण मोठे साहेब हसले, झाडाकडे बघून त्यांनी मान हलवली आणि लाँच सुटली. तासाभरानं परत आले ते खूशच होते. कागदावर तिथेच, जीपच्या बॉनेटवर, सही केली. आईनं घरी येऊन पहिल्यांदा रडून घेतलं आणि मग शिरा करायला घेतला.

संध्याकाळी ओव्हरसियर साहेब आले. खाटेवर बसले, शिऱ्याची ताटली हातात धरली आणि खाल्ला नाही. म्हणाले, "तुझं काम झालं. दोन महिन्यांत कायम होशील. पण साहेब म्हणाले, इतकी सुरेख लाँच या आडबाजूला कशाला सडवायची? मोठ्या धरणावर पाहुणे येतात, मंत्री येतात, आणि तिथली बोट भंगार आहे. ही तिकडे न्यायला सांगितली आहे."

बाबा म्हणाले, "मंग मी चालवू काय, साहेब?"

"तिकडे त्यांचा माणूस आहे. तुला इथे चौकीदार म्हणून घेतील, भिंतीवर. अरे, कायम ते कायमच ना!"

बाबांनी मान हलवली. मी उठून नळावर गेले आणि नळ पूर्ण सोडून दिला. काळीच राहू दिली असती तर! पिवळी, चिकट, किड्यांनी भरलेली राहू दिली असती, तर कोणी तिला हात लावला नसता, आणि बाबा तिच्यावरच म्हातारे झाले असते. कोणावर चिडायचं? साहेबांवर? त्यांनी तर कौतुकच केलं. ओव्हरसियरवर? त्यानं दिलेला शब्द पाळला. चमक मी काढली होती. माझ्या हातांनी. हा विचार त्या नळावर जो डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही.

बाबा पुढे निवृत्त होईपर्यंत चौकीदार होते. पगार वेळेवर, पेन्शन मिळाली, माझं लग्न त्या नोकरीवर झालं. हे सगळं मला मान्य आहे. मी काही नगुणी नाही. पण माहेरी गेले की बघायची, बाबा भिंतीवर शिट्टी घेऊन बसलेले असायचे, आणि खाली ते एवढं पाणी, त्यावर काहीच नाही. खात्याची एक डोंगी नंतर आली, तिच्यात ते कधी बसले नाहीत. बोलवलं तर म्हणायचे, "माहं काम वर हाय."

लाँच न्यायला ट्रक आला तो दिवस मला रोजच्या रोज आठवतो असं म्हणणार नाही, पण आठवतो तेव्हा पुरा आठवतो. दहा-बारा मजूर, साखळ्या, ओरडाआरडा. लाँच पाण्याबाहेर निघाली, तिच्या पोटातून पाणी गळत होतं, आणि ट्रकवर चढल्यावर ती फारच मोठी दिसायला लागली. मजूर साखळ्या आवळणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांबा." कॉलनीतून पोती गोळा करून त्यांनी आधीच आणून ठेवली होती. ट्रकवर चढले आणि कठड्याला पोती गुंडाळायला लागले. दर हातभर अंतरावर सुतळीची गाठ. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझा ताबा सुटला. खालून ओरडले, "काऊन गुंडाळून राह्यले, बाबा? आपली राह्यली काय ते आता? जाऊ द्या न खरचटत! त्याहिले घासू द्या!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दातात सुतळी होती ती काढली, गाठ मारली आणि म्हणाले, "तू घासली हाय न, पोरी."

डाव्या बाजूला निम्म्यावर आले तेव्हा पोती संपली. मी तणतणत घरी गेले, दोरीवर वाळत असलेलं आईचं जुनं लुगडं ओढलं, ट्रकवर चढले आणि उरलेला कठडा मी गुंडाळला.